खाडीकडचे टोक

मी अकरा हंगाम फुटबॉल खेळलो आणि त्यावर पोट भरले. या वाक्यावर आजची मुले हसतात. ठाण्या-कल्याणकडे फुटबॉलवर पोट भरता येते, हे त्यांना खरे वाटत नाही. तेव्हाही फार थोड्यांना वाटत असे.

त्या काळी खेळाडूला खेळण्याचा पगार मिळत नसे. गिरणी किंवा कारखाना त्याला कामावर घेई. हजेरीपटावर तो कामगार असे. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की त्याला मैदानावर सोडत. बाकीचे कामगार उरलेली पाळी भरत आणि आमच्याकडे बघत. हंगाम ज्येष्ठात सुरू होई आणि दिवाळीच्या आधी संपे. हंगाम संपला की पुष्कळांची नोकरीही संपे. ज्याला कायम केले तो राहिला. बाकीच्यांनी पुढच्या ज्येष्ठात नवे दार शोधायचे.

मी बाकीच्यांतला होतो.

माझी जागा उजव्या हाफबॅकची. पुढे पाच फॉरवर्ड, मागे दोन बॅक आणि गोली, मधे आम्ही तिघे. पुढच्यांनी घालवलेला बॉल परत आणायचा, मागच्यांनी उडवलेला बॉल ताब्यात घ्यायचा आणि तो पुन्हा पुढच्यांना द्यायचा. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. गोल वाचवणाऱ्याची पाठ थोपटतात. आमच्याकडे लक्ष जाते ते आम्ही चुकलो तरच. ही तक्रार नाही. कामाचे वर्णन आहे.

आमचे घर ठाण्याच्या खाडीकाठचे. वडील उन्हाळ्यात मिठागरात आणि पावसाळ्यात खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतल्या, भातावर राबत. मी शाळेत गेलो. मास्तरांनी माझी भाषा धुऊन काढली, पाय मात्र तसेच राहिले. शाळेच्या मैदानावर मी अनवाणीच खेळे. देश स्वतंत्र झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत डोंबिवलीच्या कारकुनांच्या एका संघाने मला बोलावले. तेव्हा डोंबिवली म्हणजे भातशेते आणि त्यांत उगवलेल्या चार चाळी. त्या कारकुनांनी मला पहिले बूट दिले. ते कोणाचे तरी जुने होते आणि माझ्या मापाचे नव्हते. तिथे मी दोन हंगाम हौसेने खेळलो, ते या अकरांत धरलेले नाहीत. नंतर ठाण्यात दोन ठिकाणी एकेक हंगाम झाला. त्यानंतर कल्याणच्या एका फाउंड्रीने घेतले. तिथला फोरमनच संघाचा कॅप्टन होता. उंच, रुंद, सेंटरहाफ. ओतकामातली भट्टी आणि तो यांत कोण जास्त तापट, यावर कामगार पैज लावत. त्याने मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतले आणि हंगाम संपताच सोडले. कारण सांगितले नाही. मीही विचारले नाही.

ज्या दिवसाविषयी लिहितो आहे तो त्यानंतर दोन वर्षांनी आला. तेव्हा मी ठाण्याच्या एका कापडगिरणीत कच्चा, म्हणजे कायम न केलेला, कामगार होतो. माझे लग्न झालेले होते. वडिलांच्या घरात थोरले दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि सात मुले. श्रावणात आम्हाला मुलगी झाली. बाळंतिणीला पाठ टेकायला हवी म्हणून मी पडवीत झोपे. गिरणीच्या चाळीत खोली मिळत असे, पण ती कायम कामगाराला. पत्नी एवढेच विचारी, “अहो, यंदा तरी?”

भाद्रपद संपताना मॅनेजरसाहेबांनी कॅप्टनमार्फत निरोप धाडला. जिल्ह्याच्या कपची अंतिम मॅच आमच्याच मैदानावर आहे. कप गिरणीत आला तर कच्च्या खेळाडूंपैकी एकाला कायम करू. एकालाच. कच्चे आम्ही दोघे होतो. मी आणि उजव्या टोकाचा फॉरवर्ड. तो मालवणकडचा, ठेंगणा, वाऱ्यासारखा पळणारा. आमचे चांगले जमे. माझा बॉल त्याच्याकडे जाई, त्याचा बॉल गोलात जाई.

समोर कोण? कल्याणची फाउंड्री.

मैदानाची माहिती दिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. ते खाजणाच्या जमिनीवर होते. गिरणीने बॉयलरची राख वर्षानुवर्षे पसरून ते घट्ट केले होते. पण राख टाकणे गिरणीकडून सुरू झाले आणि खाडीपर्यंत पोचण्याआधीच कोणाचा तरी उत्साह संपला. त्यामुळे खाडीकडच्या गोलापुढची वीस-पंचवीस पावले नुसती चिकण माती होती. आश्विनात ती उन्हाने टणक होई. तिच्यामागे मातीचा बांध, बांधापलीकडे खाडी. बांधाच्या पोटात खेकड्यांची बिळे होती. उधाणाची मोठी भरती आली की पाणी बांधावरून येत नसे. बिळांतून, जमिनीखालून झिरपे आणि तासाभराने त्या चिकण मातीतून वर येई. पाऊस नाही, ढग नाही आणि गोलापुढे घोट्याएवढा चिखल. वर्षातून दोन-चार वेळाच असे होई. गिरणीतले लोक कोकणातले नाहीतर देशावरचे. इथल्या जमिनीची ही खोड त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी लहानपणापासून पाहिली होती.

मॅच शनिवारी साडेचारला ठरली. गिरणीच्या ऑफिसने शनिवार पाहिला. मी तिथी पाहिली. नवरात्र सुरू होते. घरच्या भिंतीवर कॅलेंडर होते, त्यावर त्या शनिवारी पंचमी होती. आमच्याकडे भरतीचा हिशेब सोपा आहे. अमावस्येपासून कितवा दिवस ते मोजायचे आणि दुपारी बारापासून पुढे दर दिवसाला पाऊण तास धरायचा. पाचवा दिवस, म्हणजे पावणेचार. आमच्या खाडीच्या टोकापर्यंत पाणी चढायला आणखी पाऊण तास, म्हणजे साडेचार. जमिनीतून वर यायला एक तास, म्हणजे साडेपाच. पस्तीस मिनिटांचा पहिला हाफ, दहा मिनिटे विश्रांती. दुसरा हाफ सव्वापाचला सुरू. पाणी येईल ते दुसऱ्या हाफमध्ये.

फाउंड्रीचे बॅक वजनदार होते. दुसऱ्या हाफमध्ये ते त्या टोकाला आले, तर चिखलात त्यांना वळता येणार नाही. मी कॅप्टनकडे गेलो. तो गिरणीत टाइमकीपर, मूळचा साताऱ्याकडचा.

“टॉस जिंकलात तर खाडीकडचे टोक आधी घ्या.”

“का? तिथं काय पुरलंय?”

मी भरतीचे सांगितले. त्याने आधी बांधाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“आरं, समुद्र कुठं अन् आपला गोलपोस्ट कुठं?”

“समुद्र येणार नाही. पाणी येईल. साडेपाचला.”

“घड्याळ लावून?”

“हो.”

तो टाइमकीपर होता. वेळ ठामपणे सांगणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास बसे. “बरं,” तो म्हणाला. “पण चुकलास तर हजेरी मीच कापीन, ध्यानात ठेव.”

शनिवारी गिरणी दुपारी सुटली आणि सगळे कामगार मैदानाभोवती जमले. कल्याणहूनही माणसे आली होती. ढोल होते, शिट्ट्या होत्या. कोणी तरी सायरनवाल्याला पटवून गिरणीचा भोंगा वाजवला. मी बुटांची वादी बांधू लागलो. मालवणवाला शेजारी बसून चणे खात होता.

“कायम कोणाक करतीत रे?” त्याने विचारले.

“आधी जिंकू.”

“जिंकतलंव. पण कोणाक?”

त्याने चण्याची पुडी पुढे केली. मी दोन चणे घेतले.

टॉस आम्ही जिंकला. कॅप्टनने खाडीकडचे टोक मागितले. फाउंड्रीच्या फोरमनने भुवया उंचावल्या. पाठीवर ऊन घेऊन खेळायचे सोडून आम्ही उन्हाकडे तोंड करून उभे राहिलो होतो. तो माझ्याजवळून जाताना म्हणाला, “काय रे मिठागरवाल्या, अजून बॉल मागेच देतोस की आता पुढेपण देतोस?”

“बघाल,” मी म्हटले.

शिटी झाली.

पहिली पंधरा मिनिटे आम्ही उत्तम खेळलो. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. जमीन कोरडी होती, बॉल हलका होता आणि आमचे पास बिनचूक जात होते. मी फोरमनच्या पायातून दोनदा बॉल काढून घेतला. दुसऱ्या वेळी काठावरचे विणकर ओरडले, “हाणा! माग थांबवून आलोय, फुकट नका घालवू!” मालवणवाल्याचा एक फटका गोलीच्या बोटांना लागून दांड्यावरून गेला. मला वाटले, असेच चालले तर पाण्याची गरजही पडणार नाही.

तेवढ्यात बांधावरून हाक आली.

माझे वडील. त्यांनी आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता. त्या दिवशीही ते फुटबॉल पाहायला आले नव्हते. उधाणात बांधाची उघाडी, म्हणजे पाणी अडवणारी फळी, नीट बसली आहे की नाही, ते तपासायला आले होते. खांद्यावर फावडे होते. ते मैदानाकडे वळून दोन्ही हात हलवीत होते.

“पानी आला रं! खाली बघ, खाली!”

मी मागे पाहिले. आमच्या गोलीने बॅककडे बॉल लोटला होता. तो नेहमीसारखा घरंगळत आला आणि दोघांच्या मधेच थांबला. आमच्या बॅकने बुटाचा तळ वर करून पाहिला. मातीचा रंग बदलला होता. पाच वाजायलाही अजून पाव तास होता.

मी मनात पुन्हा मोजले. पाचवा दिवस, पावणेचार, साडेचार, साडेपाच. हिशेब बरोबर होता. मग अमावस्येपासूनचे दिवस बोटांवर मोजले. मंगळवारी अमावस्या. बुध, गुरू, शुक्र, शनि. चार. चारच. कॅलेंडरवर तृतीयेपुढे एकदम पंचमी होती, कारण चतुर्थीचा क्षय होता. घरी बायका त्यावर बोलतही होत्या की यंदा घट एक दिवस आधी उठणार. मी ऐकले होते. पण भरती तिथीचे नाव पाहून येत नाही, ती दिवस मोजते. माझ्या वडिलांनी भरतीसाठी कधी कॅलेंडर पाहिले नाही. शाळेत गेलेला मीच.

हे सगळे मी धावता धावता मोजत होतो. त्यामुळे फोरमन माझ्या डाव्या हाताने निघून गेला ते मला उशिरा दिसले. त्याने लांब बॉल मारला. आमचा उजवा बॅक वळला आणि त्याचा पाय सरकला. तो बसला. खरोखरच बसला, जेवायला बसावे तसा. त्यांच्या सेंटर फॉरवर्डला समोर गोली एकटा सापडला.

एक-शून्य. गोल माझा होता. पायाने नाही, हिशेबाने.

हाफ संपेपर्यंतची वीस मिनिटे मी विसरलेलो नाही. आमचाच गोल, आमचाच चिखल. फाउंड्रीवाले लांबून बॉल टाकत होते आणि आमचे बॅक घसरत होते. मी माझी जागा सोडून गोलापुढे उभा राहिलो. अंगावर आले ते छातीवर घेतले, गुडघ्यावर घेतले, एकदा तोंडावर घेतले. भिजलेला चामड्याचा बॉल तोंडावर बसतो तेव्हा शिवणीची वादी गालावर उमटते. ती माझ्या गालावर उमटली होती. दुसरा गोल झाला नाही. तो कसा झाला नाही ते सांगता येत नाही.

विश्रांतीत लिंबाच्या फोडी आल्या. कॅप्टनने फोड हातात घेतली आणि माझ्यापुढे उभा राहिला.

“साडेपाच म्हणालास.”

“चुकले. चतुर्थीचा क्षय धरायचा राहिला.”

“काय राहिला?”

“क्षय. एक तिथी गळाली, तिचा दिवसच नव्हता. मी तिथी मोजली.”

त्याने लिंबाची फोड माझ्या पायाशी आपटली. “आरं बाबा, तू मॅच खेळायला आलास का उपास सोडायला?”

कोणीतरी हसले. कॅप्टनने त्याच्याकडे पाहिल्यावर हसू थांबले. मी उभा राहिलो. मला फार बोलायची सवय नाही, पण त्या वेळी बोललो.

“चूक माझी. ती मॅचनंतर मोजा. पाणी एकदा वर आले की ओहोटी पूर्ण लागेपर्यंत जात नाही. रात्रीपर्यंत ते इथेच आहे. आपण चिखलात वीस मिनिटे काढली आणि एक खाल्ला. त्यांना पस्तीस मिनिटे काढायची आहेत.”

कॅप्टनने बांधाकडे वळून पाहिले.

“ते चिखलात उभे राहणार नाहीत,” मी म्हणालो. “त्यांचे बॅक राखेपर्यंत पुढे येतील आणि मागे मोकळे सोडतील. कोरड्या दिवशी मागे टाकलेला बॉल गोलीकडे पळतो. आज तो तिथेच मरेल. फक्त त्याच्यापर्यंत आधी पोचायचे.”

कॅप्टनने मालवणवाल्याकडे पाहिले. तो लिंबू चोखत होता.

“पोचतलंय,” तो म्हणाला. “बॉल दी म्हंजे झाला.”

“आणि ऑफसाइड?” कॅप्टनने विचारले.

“तो त्यांच्या अलीकडून निघेल. मी पाय उचलला की निघेल. आधी नाही.”

“ऐकलंस रे?” कॅप्टन मालवणवाल्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “ह्यात कुठली तिथी-बिथी नाही ना?”

“नाही.”

“मग चला.”

दुसऱ्या हाफची पहिली दहा मिनिटे काही झाले नाही. माझे दोन बॉल फार लांब गेले. एकदा मालवणवाला लवकर निघाला आणि शिटी झाली. काठावरून विणकर ओरडू लागले, “अरे, कच्च्याला काढा! पक्का आणा!” कच्चा हा शब्द बरोबर कानात जातो, गोंगाट कितीही असो.

पण फाउंड्रीचे बॅक मी म्हटले तिथेच उभे होते. राखेच्या कडेवर. त्यांना स्वच्छ बुटांची सवय होती. त्यांच्यामागे गोलापर्यंत ओली, काळी, मोकळी माती.

मग आमच्या डाव्या हाफने मला आडवा बॉल दिला. फोरमन माझ्या अंगावर आला. मी त्याला येऊ दिले. मालवणवाला कडेला कमरेवर हात ठेवून उभा होता, जणू त्याचे काम संपले आहे. मी पाय उचलला. तो निघाला. मी बॉल दोन्ही बॅकच्या डोक्यांवरून टाकला. बॉल उंच गेला, खाली आला आणि जिथे पडला तिथेच रुतला. एक इंचही पुढे गेला नाही. गोली त्याची वाट पाहत गोलरेषेवर उभा होता. बॉल येतच नाही हे त्याच्या लक्षात येईपर्यंत मालवणवाला पोचला होता.

एक-एक.

विणकरांनी टोप्या उडवल्या. त्यांतली एक खाडीत गेली. भोंगा वाजला. मालवणवाला धावत आला आणि माझ्या गळ्यात पडला. त्याच्या अंगाला चिखलाचा तोच वास होता जो माझ्या घराला होता.

फोरमन मूर्ख नव्हता. त्याने बॅकना राखेवरच ठेवले आणि स्वतः चिखलात जाऊन उभा राहिला. घोट्यापर्यंत रुतून, हात कमरेवर, पुढचा बॉल घ्यायला. तिथून तो मला म्हणाला, “मिठागरवाल्या, पाणी तूच सोडलंस काय रे?”

“सोडले असते तर वेळेवर सोडले असते.”

तो हसला. मला ते आवडले नाही, पण हसला खरा.

आता मागे टाकलेला बॉल त्याच्या डोक्यावर जात होता. त्याने असे तीन परत मारले. वेळ संपत आली. मी पंचाच्या हातातले घड्याळ पाहिले नाही, वेळ कॅप्टनच्या चेहऱ्यावर पाहिली. पण फोरमन चिखलात गेला होता, म्हणजे मैदानाचा मधला भाग रिकामा होता. तो त्याचाच भाग होता. दोन वर्षांपूर्वी तिथे त्याच्याशेजारी मी खेळलो होतो. तो तिथून हलला की किती मोकळे होते ते मला ठाऊक होते.

पुढचा बॉल आला तेव्हा मी तो टाकला नाही. घेऊन निघालो. हाफबॅकने बॉल घेऊन धावू नये असे मला सगळ्या कॅप्टनांनी शिकवले होते. मी धावलो. राख पायाखाली करकरत होती. कोणी आडवे येईना, कारण आडवे यायचे काम ज्याचे, तो चिखलात उभा होता. बॅक एकमेकांकडे पाहू लागले. मी राखेच्या कडेपर्यंत पोचलो. तिथून गोलपोस्ट दिसत होता. उभ्या आयुष्यात मी पायात बॉल घेऊन इतक्या जवळून तो पाहिला नव्हता. कॅप्टन मागून ओरडत होता, “मार! मार!” विणकर ओरडत होते. बांधावर वडील फावड्यावर रेलून उभे होते.

फोरमन माझ्याकडे निघाला. एक पाय निघाला, दुसरा रुतला. त्याने तो ओढून काढला तेव्हा तो माझ्यापासून दोन हातांवर होता आणि माझ्या उजवीकडून आवाज आला, “दी रे! हंय दी!”

मला गोल करता आला असता. असे मला आजही वाटते. कदाचित नसताही आला. मी बॉल उजवीकडे दिला.

दोन-एक.

शेवटच्या चार मिनिटांत काय झाले ते मला आठवत नाही. शिटी झाली तेव्हा मी आमच्याच गोलापुढे उभा होतो, एवढे आठवते.

लोकांनी मालवणवाल्याला खांद्यावर घेतले. मॅनेजरसाहेब खुर्चीवरून उठून आले. त्यांनी कप कॅप्टनच्या हातात दिला आणि विचारले, “दोन्ही गोल कोणाचे?” लोकांनी बोट दाखवले. साहेबांनी मालवणवाल्याशी हात मिळवला आणि तिथेच सर्वांदेखत सांगितले की हा सोमवारपासून कायम.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

कॅप्टन थोड्या वेळाने माझ्याकडे आला. कप अजून त्याच्या काखेत होता.

“मी तुझं नाव घेतलं,” तो म्हणाला. “साहेब म्हणाले, त्यानं गोल कुठं केला?”

“बरोबर आहे.”

“क्षयाचं मी काही बोललो नाही.”

“बोलला असतात तरी चालले असते.”

“गप रे,” तो म्हणाला आणि गेला.

मालवणवाला आला. मी त्याची पाठ थोपटली.

बूट धुवायला मी बांधाच्या उतारावर गेलो. तिथे फोरमन आधीच बसला होता आणि काडीने बुटाचा तळ खरवडत होता. मी थोड्या अंतरावर बसलो. मीही काडी उचलली.

“पाणी येणार हे तुला माहीत होतं?” त्याने विचारले.

“होते. वेळ चुकली.”

“किती?”

“पाऊण तास.”

“म्हणून टॉस जिंकून उन्हात उभे राहिलात.” त्याने मान हलवली. “आणि मला, वेळ राहू दे, पाणी येणार एवढंच सांगायलाही कोणी नव्हता. चिखलात उभं राहून दमलो मी.” मग त्याने बूट बाजूला ठेवला. “दुसरा गोल तू का नाही मारलास?”

“तो मोकळा होता.”

“ते मला दिसलं. मारलास का नाही?”

“तो जास्त मोकळा होता.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. “दोन वर्षांपूर्वी मी तुला सोडलं,” तो म्हणाला. “शेजारी खेळणारा हाफबॅक काय करतो ते कळत नाही. समोरून खेळला की कळतं. सोमवारी ये.”

मी काडी टाकून दिली.

“कच्चा?” मी विचारले.

“तीन महिने बघू.”

“मागच्या वेळीही तीनच महिने म्हणाला होतात.”

“मग काय, आता लिहून देऊ?”

“हो.”

त्याला वाटले मी थट्टा करतो आहे. माझा चेहरा पाहून त्याचा गैरसमज गेला.

“खोलीसकट,” मी म्हणालो.

“हरलो आम्ही आणि वसुली तू करणार!” तो मोठ्याने हसला आणि चिखलाचा हात पँटला पुसून पुढे केला. “ये सोमवारी. कागद तयार ठेवतो.”

वडील बांधावरून खाली आले होते. फोरमन गेल्यावर त्यांनी विचारले, “जिकलास ना? मंग त्या मोठ्याशी काय बोलत व्हतास?”

“कल्याणला कायम करतो म्हणाला.”

“जिकला कोन, न् नोकरी देतो कोन,” ते म्हणाले आणि उघाडी पुन्हा एकदा बघायला गेले.

पत्नीला सांगितले तेव्हा ती मुलीला पाजत होती. तिने मुलीला खांद्यावर घेतले. मग म्हणाली, “तो माणूस शब्द पाळतो?”

“माहीत नाही.”

“मग सोमवारी मी पण येते.”

ती आली नाही, पण आली असती. रविवारी दिवसभर तिने भांड्यांची दोन गाठोडी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली.

सोमवारी मी फाउंड्रीच्या दारात उभा राहिलो तेव्हा दार उघडायचे होते. फोरमन आला. त्याने मला आत नेले, टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. साचेखात्यात नेमणूक, कायम. खाली कामगारांच्या चाळीतल्या खोलीचा नंबर. मी तो कागद वाचला, सही केली आणि पुन्हा वाचू लागलो.

“पाठ करायचा नाही तो,” फोरमन म्हणाला. “चल, वाळू चाळायची आहे.”

मी वाळू चाळली. जन्मात इतकी वाळू मी चाळली नव्हती आणि इतक्या आनंदाने तर नाहीच. आनंद हा शब्द मी सहसा लिहीत नाही. मैदानावर माझ्या त्याच जागेवर, त्याच फोरमनच्या उजव्या हाताला, मी पुढे सहा हंगाम खेळलो. त्या पहिल्या सोमवारी प्रॅक्टिस चारला होती. साडेतीनलाच मी बूट बांधून फाउंड्रीच्या दारात बसलो होतो.